लतीफच्या जागेची कैफियत

लतीफ,

तुझं नाव इंग्रजीत मी शेवटचं लिहिलं, ते तू आता येणार नाहीस हे कॉलेजला कळवायला. टाक हातात धरून तिथेच अडलो. तुझ्या नावात दोन ई घालायच्या की एक आय, यावरून तू मॅट्रिकपासून मास्तरांशी भांडत होतास आणि दर वर्षी स्वतःच मत बदलत होतास. शेवटी लॉ कॉलेजच्या अर्जात तू जसं घातलं होतंस तसंच मी घातलं, दोन ई. चुकलं असेल तर चुकलं. तपासायला तू नाहीस.

तू गेल्यापासून लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलतायत. मुलगा शांत होता म्हणे. कुणाला उलटून बोलला नाही म्हणे. मी ऐकून घेतो. मनात म्हणतो, हे दुसऱ्याच कुणाचं तरी चाललेलं दिसतंय. मी लिहितोय ते तुझ्या चांगुलपणाबद्दल नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलं, आणि ते ज्या गोष्टीवरून होतं ती गोष्टच आता माझ्या दारात येऊन बसली आहे. मला तिच्याकडे बघवत नाही आणि दार लावूनही घेता येत नाही.

ज्यांनी आपल्याला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो, की आपण दोघं दोन आवाजांच्या घरांतले. आमच्या तांबट आळीत उजाडलं की ठोके सुरू. हंडे, घागरी, बंब, पराती. तांब्याचा पत्रा तापवायचा, वाकवायचा, ठोकायचा, आणि भांडं आकाराला आलं की बारीक हातोडीने मठारून त्याच्या अंगावर चकचकीत ठसे उमटवायचे. तुमच्या घरी तुझे वडील, माझे चाचा, कापूस पिंजायचे. सकाळपासून त्या पिंजणाच्या तातीचं टुंग टुंग टुंग.

"तुमच्याकडे निदान सूर तरी आहे," मी म्हणायचो.

"सूर एकच आहे," तू म्हणायचास, "आणि वर कापूस नाकात जातो."

मॅट्रिकच्या वर्षी तू घरून कापूस आणलास, मेणात घोळवून त्याचे दोन बोळे घट्ट वळलेस आणि माझ्या कानांत कोंबलेस. "वाच आता." त्या बोळ्यांवर मी मॅट्रिक झालो, त्यांच्यावरच बी.ए. झालो. आमच्या आळीतला पहिला मॅट्रिक मी, पहिला बी.ए. मी, आणि याचा मला गर्व आहे, तो मी लपवत नाही. त्यात तुझ्या बापाचा कापूस किती होता ते आळीला माहीत नाही. आळीत चाळिशीच्या आत माणसाला कमी ऐकू यायला लागतं. माझे आप्पा तर आता समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलतात आणि जे काही बोलतात ते ओरडून. माझे कान शाबूत आहेत ते तुझ्यामुळे. हे मी तुला कधी बोललो नव्हतो. बोललो असतो तर तू म्हणाला असतास, कानांचं काय घेऊन बसलास, मधल्या भागात काही शिरलं का ते सांग.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचं मात्र नीट सांगायला हवं, कारण भांडण तिथूनच सुरू झालं. लग्नसराईच्या तोंडावर आप्पांच्या उजव्या हातावर घण बसला. रुखवताच्या भांड्यांची कामं घेऊन ठेवलेली. हात सुजून भोपळ्याएवढा झालेला. मग मी ऐरणीवर बसलो. दिवसा घण, दिवेलागणीनंतर पुस्तक. परीक्षेच्या हॉलमध्ये टाक धरला तर बोटं थरथरत होती. डोक्यात होतं ते कागदावर उतरेना, आणि उतरलं ते असं की माझं मलाच वाचता येईना. कारण एवढंच. ते तुला माहीत होतं आणि आमच्या आईला. बाकी कुणाला मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

निकाल लागला. तुला सेकंड क्लास, मला पास क्लास. नुसता काठावर पास, त्याच्या खाली नापासच. आप्पांनी पेढे आणले. तू आलास तेव्हा दुकानात आळीतली माणसं जमलेली, आणि आप्पा सगळ्यांदेखत ओरडले, "काय रे लतीफ, तुला कोणता क्लास?"

"सेकंड, आप्पा."

"आं?"

"सेकंड!"

आप्पांचा चेहरा उतरला. तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असू दे, असू दे. मनाला लावून घेऊ नको. सेकंडलाही पंखा असतो. आमच्या दत्तूला पास मिळालाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आप्पांना क्लास माहीत होते ते आगगाडीचे. फर्स्ट, सेकंड, इंटर, थर्ड. आणि पास म्हणजे स्टेशन मास्तराच्या जावयाकडे असतो तो. खिशात पास असला की तिकीट नको, कुठल्याही डब्यात बसा, कुणी उतरवत नाही. त्यांच्या लेखी मी सगळ्यांच्या वरचा ठरलो होतो.

मी तोंड उघडलं, तर तू माझ्या पायावर पाय दिलास. "नशीब त्याचं आप्पा," म्हणालास, मान खाली घालून. "मी आणखी अभ्यास करायला पाहिजे होता."

आप्पांनी तुला सांत्वनाचा दुसरा पेढा दिला. तू तोही खाल्लास. आळीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा भिंतीला टेकून, पोट धरून तू इतका हसलास की खाली बसलास. मी चिडलो होतो. मी म्हटलं, मला असला मान नको. दुसऱ्या दिवशी आप्पांना समोर बसवून सांगितलं, पास क्लास म्हणजे सगळ्यांत खालचा. त्यांना ऐकू येण्यासाठी ओरडून सांगावं लागलं, म्हणजे आळीलाही सांगून झालं.

आप्पा म्हणाले, "म्हणजे पास झालास ना?"

"झालो."

"मग ओरडतोस कशाला?"

वकिलीचं वेड तुझं. मला ते तुझ्याकडून लागलं. तुमच्या घरी फीचं जमेना म्हणून तू वर्षभर सकाळच्या शाळेत मास्तरकी केलीस, मी आप्पांच्या दुकानात बसलो, आणि दुपारची जेवणं झाली की आपण कोर्टात. कॉलेजात शिरायच्या आधी कायदा कानावरून जाऊ दे, असं तुझं म्हणणं. बाकावर मागे बसायचं, काही कळो न कळो. पट्टेवाला आपल्याला ओळखायला लागला होता. "आले का साहेब लोक," म्हणायचा, "आज खून नाही हो, बांधाचं भांडण आहे. बसता का जाता?" आपण बांधाच्या भांडणालाही बसायचो.

त्यातलाच तो सायखेड्याचा दावा. दोन भाऊ, एक विहीर, पाणी कुणी कधी घ्यायचं यावरून. धाकट्याने दावा लावलेला. थोरला प्रतिवादी, वकील न करता स्वतःच उभा राहिलेला, डोक्याला मुंडासं, हात जोडलेले. मुन्सफांनी विचारलं, "तुमची कैफियत काय?" कोर्टात कैफियत म्हणजे प्रतिवादीने आपली बाजू लिहून द्यायची ती. त्याला काय माहीत. त्याने खाली बघितलं आणि म्हणाला, "कैफियत काय सांगू रावसाहेब, लय वंगाळ हाय. हिरीत पाणी नाय, आन् भाऊ बोलत नाय."

सगळं कोर्ट हसलं. मुन्सफही हसले. मीसुद्धा हसलो. तू हसला नाहीस. बाहेर आल्यावर म्हणालास, "त्याने बरोबर उत्तर दिलं. आमच्या उर्दूत कैफियत म्हणजे हालहवाल. माणसाची काय हालत आहे ती. तुमच्या कोर्टाने तिचा कागद केला."

"कोर्ट माझं कधीपासून झालं?"

"होणारच आहे. तोपर्यंत तू तुझी कैफियत लिही. अर्जाला जोड. मार्क कमी का पडले, आप्पांचा हात, ते सगळं. प्रिन्सिपॉलसाहेब माणूसच असतील ना?"

मी म्हटलं, नाही.

तिथून वर्षभर आपण तेच भांडलो. गोदावरीच्या काठाने चालताना, चाचा बाहेर गेले की त्यांच्या दुकानात कापसाच्या ढिगाला टेकून, तुमच्याकडच्या ईदच्या शिरखुर्म्यावर हळू आवाजात. लॉ कॉलेजात जागा मोजक्या, अर्ज पुष्कळ, वरच्या क्लासवाल्यांना आधी घेणार हे उघड होतं. पास क्लासवाल्याने नुसता अर्ज पाठवणं म्हणजे न पाठवण्यासारखंच. तुझं म्हणणं बरोबर होतं. पण मला ते पटत नव्हतं आणि आजही पटत नाही, लतीफ.

"खोटं लिही म्हणतोय का मी?" तू म्हणायचास.

"खरं आहे म्हणूनच लिहिणार नाही. आप्पांचा हात मी साक्षीला उभा करणार नाही. बाप तांबट, हात मोडला, पोरगा घण मारत बसला, दया करा. हे रडगाणं झालं."

"रडगाणं कसं? तुझी बाजू आहे ती."

"मग हालहवाल कोण म्हणत होतं?"

"दोन्ही एकच!"

"माझ्या लेखी नाही."

"तुला वकील व्हायचंय का महाराज?"

एकदा तू आमच्या दुकानात पालथ्या हंड्यावर प्रिन्सिपॉल होऊन बसलास. मांडीवर मांडी, गळ्यात माझा पंचा टायसारखा बांधलेला. मुलाखतीची तालीम. आपलं इंग्रजी तेव्हा असं, की प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघंही आधी मनात मराठीत बोलून घ्यायचे.

"मिस्टर दत्तात्रय, तुम्हांला इतके कमी मार्क का?"

"जेवढं लिहिलं तेवढे मिळाले, सर."

"हे उत्तर झालं?"

"विचारलंत ते सांगितलं."

तू हंड्यावरून उतरलास. पंचा सोडून माझ्या अंगावर फेकलास. "असा वकील केला तर अशील फाशी जाईल! आणि फाशीच्या खाली उभा राहून तू म्हणशील, खोटं तर नाही बोललो ना."

आप्पा कोपऱ्यातून ओरडले, "कोण फाशी गेलं?"

हसून हसून पुरेवाट झाली. पण तुझ्या त्या एका वाक्याने मला जेवढं कळलं तेवढं कुठल्या प्रोफेसराने सांगितलं नव्हतं. खरं बोलणं वेगळं आणि दुसऱ्याला खरं कळेल असं बोलणं वेगळं. हे मी तेव्हा कबूल केलं नाही. तू जिंकल्यासारखा दिसला असतास.

कैफियत न जोडता मी अर्ज पाठवला. तुझं उत्तर आधी आलं. जागा मिळाली. माझं मागून आलं. वरच्या क्लासचे अर्ज पुरेसे आले आहेत, जागा रिकामी झाल्यास कळवू. साधं, सभ्य उत्तर. कॉलेजला बोल लावायला त्यात काही नव्हतं. मला वाटलं होतं तू निदान तुझ्या जागेचा आनंद करशील. तू आलास तो चिडून आलास. उंबऱ्यातूनच सुरुवात.

"सांगत होतो ना, जोड म्हणून! दोन ओळी! दोन ओळींनी काय तुझं नाक कापलं जाणार होतं?"

"बरं झालं. आप्पांना भाता मारायला माणूस मिळाला."

"आणि मी तिकडे जाऊन कुणाशी भांडू?"

मी हातोडी उचलून ठोकायला लागलो. आपल्या आळीत बोलणं संपवायची ही चांगली सोय आहे. तू थोडा वेळ उभा राहिलास आणि गेलास.

त्या आठवड्यात तुला ताप आला. आधी साधा वाटला, मग डॉक्टर म्हणाले मुदतीचा आहे, उतरायचा तेव्हा उतरेल, अंगात ताकद राखा. मी रोज येत होतो. चाची पडद्याआडून सांगायची, "दत्तू, बाहेर पाणी ठेवलंय, हात धुऊन जा हां बेटा." तुझ्या अंगाला हात लावला तर भट्टीजवळ गेल्यासारखं व्हायचं. चाचांनी तुझ्यासाठी पिंजण बंद ठेवलं होतं. तुमचं घर एवढं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते मला सोसत नव्हतं.

शेवटी शेवटी तू मध्येच शुद्धीत यायचास, मध्येच भलतं बोलायचास. एका दुपारी डोळे उघडून म्हणालास, "लिहिलंस?"

"काय?"

"त्यांना. परत लिही. अजून वेळ आहे."

"आधी बरा हो. मग भांडू."

"तू हरणार," म्हणालास आणि डोळे मिटलेस.

मी तेव्हा हो म्हणायला पाहिजे होतं का? नुसतं तुझं मन राखायला? हे मी रोज स्वतःला विचारतो. मग मला वाटतं, मी लगेच हो म्हटलं असतं तर तू ओळखलं असतंस, की आपलं आता काही खरं नाही. तू वकील होतास. समोरचा एकाएकी नरमला की त्याचं कारण तू शोधलं असतंस.

तुला घेऊन निघाले तेव्हा मलाही खांदा देऊ दिला. मातीही दिली. आप्पा आले होते. कबरस्तानाच्या फाटकापाशी, सगळे गप्प असताना, त्यांनी मला विचारलं, आणि त्यांच्या मते हळूच विचारलं, "याचं वय काय होतं रे?" सगळ्यांनी मान वळवली. चाचांनीच उत्तर दिलं. आप्पांना ते ऐकू गेलं नाही. मी ओरडून सांगायला पाहिजे होतं. मला तुझं वय ओरडवलं नाही.

त्यानंतर चाचांनी मला बोलावून घेतलं. पुढ्यात कॉलेजचं पत्र. म्हणाले, "बेटा, त्या साहेबांना कळवायला पायजे. लतीफ नहीं आएगा. अंग्रेजी में तूच लिही."

मी म्हटलं, "चाचा, घाई काय आहे? टर्म सुरू झाल्यावर त्यांनाच कळेल."

"ना, ना. जागा अडवून ठेवणं बरं नाही. त्याच्यासाठी कुणी तरी वाट बघत असेल. कुणा गरिबाच्या पोराचं काम होईल."

ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. माझा अर्ज, माझं उत्तर, आपलं भांडण, यातलं त्यांना तू काही सांगितलं नव्हतंस. माझी लाज तू घरातसुद्धा राखली होतीस. माझ्या तोंडाशी आलं होतं, की चाचा, वाट बघणारा मीच आहे. मी आयुष्यात कुठलीही गोष्ट सरळ सांगताना अडलो नव्हतो. त्या वेळी कसा सांगणार होतो? तुझी चादर अजून दोरीवर वाळत होती. न लिहावं तर चाचा दुसऱ्या कुणाकडून लिहून घेणार. लिहावं तर तुझ्या नावावर काट मी मारायची, माझ्या हाताने, आणि तिच्यातून माझीच वाट मोकळी होणार. दोन्हीकडून दार बंद. मी लिहिलं. चाचांनी विचारलं, "सगळं बरोबर आहे ना?" मी म्हटलं, "बरोबर आहे."

माझ्या नावाचं पत्र आलं ते आळीच्या भर बाजारात आलं. पोस्टमनने नेहमीप्रमाणे आप्पांच्या हातात दिलं, आणि आप्पांनी ते समोरच्या शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. मी सरकारी कचेरीत भांडी पोचवायला गेलो होतो. परत आलो तर आळीचे ठोके थांबलेले, दारात रांगोळी. एक जागा रिकामी झाली आहे, येत्या सोमवारी हजर व्हावं. कुणी मला "वकीलसाहेब" म्हणालं, कुणी म्हणालं, आता आमच्या सगळ्यांची भांडणं फुकट.

लतीफ, वर्षभर मी म्हणत होतो की कैफियत न देता घ्यायचं तर घ्या. घेतलं की. ना तुझं ऐकलं, ना माझं टिकलं. जागा मिळाली ती तिसऱ्याच कारणाने, आणि त्या कारणापुढे आपलं सगळं भांडण पोरकट ठरलं.

ही जागा कुणाची ते आप्पांना सांगणं भाग होतं. आणि आप्पांना सांगायचं म्हणजे आळीला सांगायचं. मी ओरडलो. "आप्पा, ही लतीफची जागा आहे! तो गेला म्हणून रिकामी झाली!"

कुणी तरी हातातला पेढा परत ताटात ठेवला.

"मी जात नाही," मी म्हटलं. हे हळू म्हटलं होतं, पण आप्पांनी ओठ वाचले.

"का?"

"कसा जाऊ?"

आप्पांनी दुकानाच्या फळीकडे बोट दाखवलं. तिच्यावर हंडे तसेच पडून होते. हल्ली गिऱ्हाईक येतं, तांब्याची परात हातात घेतं, खाली ठेवतं आणि पुढच्या दुकानातून ती पांढरी, हलकी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची भांडी घेऊन जातं. आप्पा त्याबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "तुला अजून ऐकू येतंय. आणखी दोन-चार लग्नसराया इथे बसलास की माझ्यासारखा होशील. मग कोर्टात कोण उभं करील तुला? साक्षीदार एक सांगेल, तू दुसरंच ऐकशील." मग जरा थांबून, "लतीफ चांगला होता. त्याला सेकंड मिळाला तेव्हा मी त्याला दुसरा पेढा दिला होता."

त्यांना अजूनही तसंच वाटतं.

जो भेटतो तो मला सांगतो, लतीफ असता तर त्याने तुला जाच म्हटलं असतं. मला याचा राग येतो. तू असतास तर जागा रिकामी झाली नसती, मग तू काय म्हटलं असतंस हा प्रश्न येतोच कुठे? ही असली वाक्यं तू कोर्टात दोन मिनिटं टिकू दिली नसतीस.

म्हणून काल मी तुमच्या घरी गेलो. चाचांना सगळं सरळ सांगायचं आणि त्यांच्यासमोरच कॉलेजला नकार लिहायचा, असं ठरवून गेलो. शाई बरोबर घेतली होती.

चाचा ओसरीवर बसून एक गादी उसवत होते. कोरी, मांजरपाटाची खोळ, एकही डाग नाही. मला बघून म्हणाले, "बैठ. ये लतीफ की है. तिकडे होस्टेलात नेण्यासाठी भरली होती. नवा कापूस, असाच पडून काय करायचा? पिंपळगावचं गिऱ्हाईक आलंय, पोरीच्या लग्नाला गाद्या पायजेत." आणि पुन्हा टाके कापायला लागले.

मी उभ्यानेच सांगून टाकलं. माझा अर्ज, पास क्लास, आलेलं उत्तर, त्यांनी सांगितलं म्हणून मी लिहिलेलं पत्र, आणि आता आलेलं हे. काही गाळलं नाही. चाचांनी मान वर केली नाही. टाके कापायचे मात्र थांबले.

"वही कॉलेज?"

"तेच."

"वही जगह?"

"हो, चाचा."

"त्या दिवशी चिठ्ठी लिहिताना तुला ठाऊक होतं?"

"होतं."

त्यांनी हातातला चाकू खाली ठेवला. आत पडदा हलला आणि थांबला. मला वाटलं, आता म्हणतील, जा. मी त्यासाठी तयार होतो. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं असतं.

"अरे मग आधी सांगायचं ना!" चाचा एकदम चिडून म्हणाले. अगदी तू उंबऱ्यातून चिडलास तसेच. "सकाळी सांगायचं! अर्धी उसवून बसलो मी!"

"चाचा, मी तेच सांगायला..."

"उभा राहा नीट. पाठ सरळ."

मी उभाच होतो. तरी सरळ उभा राहिलो. ते उठले, माझ्या टाचेपासून खांद्यापर्यंत हाताने माप घेतलं. तुझ्या बापाचा हात माझ्या पाठीवरून वर येत होता आणि नाही हा दोन अक्षरांचा शब्द माझ्या तोंडाशी तयार होता. चाचा म्हणाले, "लतीफपेक्षा वीतभर कमी आहेस. एवढं कापून टाकतो."

"कापू नका." पडद्याआडून चाचीचा आवाज आला. तू गेल्यापासून मी तो ऐकला नव्हता. "लंबी रहने दो. आहे तेवढीच शिवा."

चाचा खाली बसले. सांडलेला कापूस दोन्ही हातांनी गोळा करून खोळीत परत भरला, दाभणात दोरा ओवला, आणि टाका घट्ट बसावा म्हणून दोऱ्याचं टोक माझ्यापुढे केलं. "धर. ताणून धर."

लतीफ, मी नाही म्हणायला गेलो होतो. माझे दोन्ही हात त्या दोऱ्याला गुंतलेले होते, आणि चाचांचं शिवून होईपर्यंत मी तो ताणून धरला.